निवेदन रेकॉर्ड करताना 'हात' चा 'आत' होतोय, मध्येच टकटक, आणि नॉइज काढला की आवाज पाण्याखालून... मदत हवी

वाचनवेडी
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण दोन महिने याच गोष्टीत अडकलेय. माझ्या मावशीची नजर जवळजवळ गेली आहे, जन्मभर वाचनात रमलेली बाई, म्हणून तिच्यासाठी एक जाडजूड कादंबरी वाचून रेकॉर्ड करायला घेतलीय. बत्तीस प्रकरणं आहेत, नऊ झाली. यूएसबी कंडेन्सर माइक आहे, थेट लॅपटॉपला लागणारा, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, लॅपटॉपवर विंडोज ११.

पहिलं प्रकरण तिला ऐकवलं तर म्हणाली छान वाचतेस गं, पण 'त्याने हात पुढे केला' मधे मला 'आत पुढे केला' ऐकू येतंय आणि 'ती हसली' चं 'ती असली' होतंय. मी परत ऐकलं तर खरंच तसंच, वाक्याची सुरुवातच कोणीतरी कापल्यासारखी, विशेषतः मी थोडा पॉज घेऊन परत सुरू केलं की. त्यात दर चार-पाच मिनिटांनी एखादा टक असा आवाज येतो. आणि मागची घरघर काढायला नॉइज रिडक्शन मारलं की घरघर जाते पण माझा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा, शब्दांच्या शेवटी चमचम असं काहीतरी. तीन वेळा पूर्ण प्रकरणं पुसून परत वाचली आहेत. माइकच बदलावा का? मावशी काही बोलत नाही पण ती एकेका प्रकरणाची वाट बघतेय हे मला कळतं.

जुना_ट्रान्झिस्टर
माइक अजिबात बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या जागांवरून येतायत असं मला वाटतं, आणि त्या एकत्र सोडवायला गेलात की काहीच हाती लागत नाही, एकेक धरूया.

आधी एक चाचणी करा. नवीन प्रोजेक्ट उघडा, वीस सेकंद अगदी गप्प बसा, मग 'हात, हसली, हरीण, होडी' असं प्रत्येक शब्दाआधी तीन-चार सेकंद थांबून म्हणा, आणि शेवटी पंधरा सेकंद एकाच पट्टीत 'आऽऽ' लावून धरा. कोणताही इफेक्ट लावू नका. मग ती वीस सेकंदांची शांतता झूम करून बघा. लाटेच्या डावीकडच्या उभ्या मोजपट्टीवर राइट-क्लिक केलं की डीबी म्हणजे डेसिबलचा व्ह्यू मिळतो, त्यात हळू आवाजही नीट दिसतो. खऱ्या खोलीतली शांतता कधीच पूर्ण सपाट नसते, थोडी थरथर असतेच. रेघ अगदी मेल्यासारखी सरळ असेल तर ऑडॅसिटीत पोचायच्या आधीच कोणीतरी तुमचा आवाज साफ करतंय. आणि 'आऽऽ' सुरुवातीला मोठा आणि चार-पाच सेकंदांनी आपोआप दबत गेला असेल तर खात्रीच समजा, कारण एकसारखा चालणारा आवाज दिसला की नॉइज दाबणारी यंत्रणा बऱ्याचदा त्यालाच पंखा समजते.

निषाद
मध्येच विचारतो, माफ करा, पण माझीही अडचण जवळचीच आहे. माझं रेकॉर्डिंग ऐकलं की माझा आवाज जाड आणि संथ येतो, म्हणजे मीच पण अर्धवट झोपेत बोलतोय असा. बोलताना मात्र हेडफोनमधे नीट ऐकू येतो.

वाचनवेडी
@जुना_ट्रान्झिस्टर, केली चाचणी. शांततेची रेघ पहिले दोन सेकंद थरथरते आणि मग एकदम सपाट, पट्टीने ओढल्यासारखी. 'आऽऽ' पाचव्या सेकंदापासून खाली खाली जातो आणि दहाव्याला जवळजवळ गायब. मी तर एका श्वासात तेवढ्याच जोरात धरला होता. 'हरीण' चा ह नाहीच.

जुना_ट्रान्झिस्टर
मग सापडलं. तुमच्या वाचनात काही दोष नाही, माइकमधेही नाही. व्हिडिओ कॉलसाठी आवाज साफ करणारी जी सोय असते ती तुमच्या निवेदनावर चाललीय. ती बोलणं सुरू झालं की दार उघडते आणि गप्प झालात की बंद करते. दार उघडायला क्षणभर वेळ लागतो, आणि मराठीतला ह श्वासासारखा हलका असतो, त्यात फारसा जोर नसतो, म्हणून तो दाराबाहेरच राहतो आणि दार उघडेपर्यंत तुम्ही 'आ' वर आलेल्या असता. तुमच्या मावशीच्या कानांना खरंच सलाम.

आता कुठे बंद करायचं ते सांगतो. सेटिंग्जमधे सिस्टिम, मग साउंड, तिथे इनपुटखाली तुमच्या यूएसबी माइकवर क्लिक करा, ऑडिओ एन्हान्समेंट्स असं दिसेल, ते ऑफ. एवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉपसोबत आधीच टाकून दिलेलं एखादं आवाजाचं अ‍ॅप आहे का बघा, त्यात मायक्रोफोन नॉइज कॅन्सलेशन नावाचं बटण चालू असतं आणि आपण ते कधी चालू केलेलं नसतं. तिसरं, ऑडॅसिटीत ऑडिओ सेटअपमधे जाऊन रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून थेट माइकचं नावच निवडलंय ना ते बघा. काही अ‍ॅप स्वतःचा एक नकली माइक तयार करून ठेवतात आणि तोच डिफॉल्ट होऊन बसतो.

खर्जातला
@निषाद, तुमचं सॅम्पल रेटचं जुळत नाहीये. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा. माइक सेकंदाला ४८००० नमुने पाठवतोय आणि कुठेतरी ते ४४१०० समजून वाजवले जातायत, त्यामुळे तासाभराचं बोलणं ६५ मिनिटं १८ सेकंदांचं होतं आणि आवाज साधारण दीड सेमिटोन (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) खाली उतरतो, म्हणून झोपेतला वाटतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमधला माइकचा फॉरमॅट आणि ऑडॅसिटीतला प्रोजेक्ट रेट दोन्ही एकच ठेवा, दोन्हीकडे ४४१०० किंवा दोन्हीकडे ४८०००, कोणताही चालेल पण एकच. जे आधीच रेकॉर्ड झालंय त्याला पिच बदलायचा इफेक्ट लावू नका, गरज नाही. ट्रॅकच्या मेनूत रेट असतो तो ४८००० करा, वेग आणि पट्टी दोन्ही आपोआप जागेवर येतील.

निषाद
झालं!! तीन दिवस आवाज बदलायचे इफेक्ट लावत बसलो होतो. मनापासून धन्यवाद.

वाचनवेडी
एन्हान्समेंट्स बंद केले, फरक पडला नाही. मग लॅपटॉपच्या कंपनीचं एक अ‍ॅप सापडलं, मी कधी उघडलंही नव्हतं, त्यात नॉइज कॅन्सलेशन चालू. बंद केलं आणि 'आऽऽ' पंधरा सेकंद सरळ! 'हरीण' म्हणजे हरीणच! मला रडूच आलं खरं सांगते.

पण आता मागची घरघर आधीपेक्षा खूप जास्त आहे. आणि आवाजही बारीक येतोय, मी माइकचं लेव्हल १०० वर नेलं तर घरघर पण तेवढीच वाढली.

जुना_ट्रान्झिस्टर
साहजिक आहे, इतके दिवस ती घरघर झाकली जात होती. माइकपासून किती लांब बसता?

वाचनवेडी
माइक टेबलावर लॅपटॉपच्या मागे असतो. मोजलं आत्ता, ओठांपासून साधारण ६० सेंटिमीटर.

जुना_ट्रान्झिस्टर
इथेच निम्मं काम आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत थेट पोचणारा तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ६० वरून ३० वर आलात की ६, ३० वरून १५ वर आलात की आणखी ६, म्हणजे १२ डेसिबल. पण पंख्याची घरघर, लॅपटॉपचा फॅन, भिंतींवरून परत येणारा तुमचाच आवाज हे सगळं जवळजवळ आहे तिथेच राहतं, कारण त्या गोष्टी जवळ आलेल्या नाहीत. मग तेवढ्या १२ डेसिबलने माइकचं लेव्हल कमी करा, तुमचा आवाज आधीएवढाच राहील आणि घरघर १२ ने खाली जाईल. असं कोणतंही सॉफ्टवेअर शब्दांना धक्का न लावता करू शकत नाही. मी स्वतः निवेदन करायला लागलो तेव्हा वर्षभर फिल्टर शोधत बसलो, माइक जवळ ओढायचं कोणी सांगितलं नव्हतं.

लेव्हल ठेवताना कादंबरीतला सगळ्यात मोठ्याने वाचायचा संवाद वाचून बघा, तेव्हा मीटर उणे ६ च्या वर जायला नको, आणि एरवीच्या वाचनात टोकं उणे १२ च्या आसपास असावीत. शून्याला टेकलं की लाटेचा माथा कापला जातो आणि माइकच्या आतच कापला गेलेला माथा नंतर लेव्हल कमी करून परत येत नाही, ऑडॅसिटी ३२ बिट फ्लोटमधे साठवत असली तरीही.

माइक लॅपटॉपच्या मागे नको, लॅपटॉप माइकच्या मागे असू दे. बहुतेक यूएसबी माइक कार्डिऑइड असतात म्हणजे समोरून जास्त ऐकतात आणि पाठीमागून कमी, तर गोंगाटाकडे त्यांची पाठ असावी. आणि बाजूने बोलायचा माइक असेल तर त्याच्या टोकात बोलू नका, ही चूक फार होते.

कोमल_धैवत
+१ अंतराबद्दल. फक्त १५ सेंटिमीटरवर आलात की फ आणि भ त्रास देणार हे आत्ताच सांगते. इंग्रजीतून शिकवणारे सगळे प वर थांबतात पण आपल्याकडे महाप्राण आहेत, 'भीती', 'फळा', 'फुंकर' म्हणताना तोंडासमोर तळहात धरून बघा, वाऱ्याचा झोत चांगलाच लागतो. तो माइकच्या पडद्यावर आदळला की धप्प असा खालचा आवाज येतो आणि तो नंतर काढणं फार कटकटीचं. पॉप फिल्टर म्हणजे तोंड आणि माइकच्या मधली झोत अडवणारी जाळी लावाच, पण त्याहून उपयोगी म्हणजे माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला आणि तुमच्याकडे वळवलेला ठेवायचा, साधारण ४५ अंशात, म्हणजे झोत शेजारून निघून जातो आणि आवाज मात्र मिळतो. स आणि श सुद्धा कमी टोचतात.

खूप जवळ म्हणजे पाच-सहा सेंटिमीटरवर जाऊ नका, कार्डिऑइड माइकला जवळ गेल्यावर खर्ज फुगतो, आवाज भरदार वाटतो पण तास-दोन तास ऐकणाऱ्याला तो थकवतो. आणि एकदा जागा ठरली की टेबलावर चिकटपट्टीची खूण करा, खुर्चीच्या पायांनाही. बत्तीस प्रकरणं म्हणजे कितीतरी दिवस बसणार तुम्ही, रोज जागा बदलली तर प्रत्येक प्रकरण वेगळ्या खोलीत वाचल्यासारखं वाटेल. रोज सुरू करायच्या आधी काल वाचलेलं शेवटचं मिनिटभर हेडफोनमधे ऐका आणि त्याच सुरात पुढे जा, मला याचा सगळ्यात जास्त फायदा झाला.

शांतताप्रेमी
खोलीत कपड्यांचं कपाट असेल तर ते उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा, जाड रजई मागे टांगा. माइक तुमच्या पाठीमागची भिंत ऐकतो, समोरची नाही, लोक उगाच माइकच्या मागे फोम लावत बसतात.

वाचनवेडी
सगळं केलं, दोन संध्याकाळी गेल्या. माइक १५ सेंटिमीटरवर, थोडा बाजूला, पंखा बंद, मागे रजई. घरघर आता कान देऊन ऐकली तरच कळते. कधीकधी वाटतं की नॉइज रिडक्शन लागणारच नाही, पण थोडं लावायचंच असेल तर किती लावू? आधी मी २४ लावत होते आणि सेन्सिटिव्हिटी पण वाढवली होती.

आणि ती टकटक अजून आहेच.

खर्जातला
२४ खूपच जास्त. नॉइज रिडक्शन फुकटात काही काढत नाही, जेवढा नॉइज काढायला सांगाल तेवढा त्याच पट्ट्यांमधला तुमचा आवाजही जातो, आणि उरलेले तुकडे चमचमतात, तेच तुम्हाला पाण्यासारखं वाटत होतं. ६ ते ९ च्या वर जाऊ नका. प्रोफाइल म्हणजे नॉइजचा नमुना घेताना फक्त खोलीची शांतता निवडा, त्यात श्वास, पान उलटल्याचा आवाज, ओठांचा आवाज काहीही नको. म्हणून रोज सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून तेवढं रेकॉर्ड करून ठेवत जा.

आणि नॉइज रिडक्शनच्या चौकटीत खाली रेसिड्यू नावाचा पर्याय आहे तो निवडून प्रीव्ह्यू ऐका. त्यात जे काढून टाकलं जाणार आहे तेच ऐकू येतं. नुसती सळसळ ऐकू आली तर ठीक, शब्द ओळखू यायला लागले की तुम्ही शब्दच काढताय, आकडा कमी करा. ऐकून झाल्यावर परत रिड्यूस निवडायला विसरू नका, नाहीतर प्रकरणाच्या जागी सळसळ उरते.

गरज आहे का ते बघायचं असेल तर शांततेचा तुकडा निवडून अ‍ॅनालाइझ मेनूतल्या कॉन्ट्रास्टमधे मोजा. एसीएक्स या ऑडिओबुक घेणाऱ्यांची अट नॉइज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा अशी आहे. तुम्हाला कुठे प्रकाशित करायचं नाहीये पण कसोटी म्हणून तो आकडा चांगला आहे.

जुना_ट्रान्झिस्टर
टकटकीबद्दल. ती तोंडाची आहे का कॉम्प्युटरची हे आधी ठरवा. टक ऐकू येते तिथे इतकं झूम करा की लाटेचे ठिपके वेगळे दिसतील. तोंडाची असेल तर एक छोटा काटेरी पुंजका दिसतो आणि आधीची लाट पुढे तशीच चालू राहते, जीभ किंवा ओठ कोरडे पडलेत, पाणी पीत जा. कॉम्प्युटरची असेल तर लाट चालता चालता एकदम तुटते आणि भलत्याच उंचीवरून सुरू होते, शब्दातला बारीकसा तुकडा हरवलेला असतो. याला ड्रॉपआउट म्हणतात. रेकॉर्डिंग थांबवल्यावर ऑडॅसिटी कधी ड्रॉपआउटची सूचना दाखवते का?

वाचनवेडी
हो!! दाखवते आणि ट्रॅकखाली छोटी लेबलं पण येतात, मी ती दर वेळी पुसून टाकत होते, मला वाटलं काहीतरी जाहिरात असेल. लाट तुटलेलीच आहे.

जुना_ट्रान्झिस्टर
ती लेबलं म्हणजे जिथे जिथे आवाज हरवला त्याच्या खुणा आहेत, त्यांचा उपयोग करा, नेमकं तेवढंच वाक्य परत वाचता येईल.

हे माइककडून येणारा आवाज डिस्कवर वेळेत न लिहिला गेल्याने होतं, नाहीतर यूएसबीवरच अडतं. प्रोजेक्ट कुठे सेव्ह करता? ऑनलाइन बॅकअप होणाऱ्या फोल्डरमधे असेल तर तुम्ही वाचत असताना तो प्रोग्रॅम तीच फाइल सतत वर पाठवायला बघतो. ऑडॅसिटी ३ पासून पूर्ण प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमधे असतो आणि ती फाइल आतून एक डेटाबेस आहे, रेकॉर्डिंग चालू असताना तिला दुसऱ्या कोणी हात लावू नये. साध्या लोकल फोल्डरमधे रेकॉर्ड करा, झाल्यावर ऑडॅसिटी बंद करून मग कॉपी कुठेही ठेवा. माइक यूएसबी हबमधे असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा.

वाचनवेडी
दोन्ही गोष्टी! बॅकअपच्या फोल्डरमधेच होता आणि माइक हबमधे, माउस आणि पेन ड्राइव्हच्या शेजारी. बदलून चाळीस मिनिटं सलग वाचलं, एकही लेबल नाही.

रात्रपाळी
धागा वाचून माझीही जुनी अडचण लिहितो. मला बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, लॅपटॉपचा चार्जर काढला तरी जात नाही.

खर्जातला
@रात्रपाळी शांततेचा तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम बघा, कोणत्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा तो आलेख. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत म्हणजे १००, १५० वर टोकं असतील तर ती विजेची घूं आहे, काही देशांत ६० असते, आणि ती बऱ्याचदा चार्जर काढला की जाते. टोक नेमकं १००० वर आणि मग २०००, ३००० असं असेल तर ते यूएसबीचं आहे, सेकंदाला हजार वेळा डेटाची पाकिटं जातात त्याचा ठसा. केबल बदलून बघा, छोटी आणि चांगली, आणि दुसरा पोर्ट. शेवटचा उपाय म्हणून त्या ठरावीक जागांवर नॉच फिल्टर, म्हणजे नेमकी तेवढीच पट्टी कापणारा, अरुंद ठेवा म्हणजे आवाजाला धक्का लागणार नाही.

कोमल_धैवत
@वाचनवेडी, चुकलं की पूर्ण प्रकरण पुसताय असं पहिल्या पोस्टमधे वाचलं आणि जीव कळवळला. पंच अँड रोल वापरा, शिफ्ट आणि डी. चुकलेल्या वाक्याच्या आधीच्या श्वासावर कर्सर ठेवून दाबलं की आधीची पाच सेकंदं हेडफोनमधे ऐकू येतात आणि कर्सरपासून रेकॉर्डिंग सुरू होतं, त्यामुळे सूर आणि वेग आपोआप जुळतो. फक्त एक लक्षात ठेवा, कर्सरच्या पुढचं त्या क्लिपमधलं सगळं जातं, म्हणून चुकल्या चुकल्या लगेच करायचं, तासाभराने मागे जाऊन नाही. मागचं दुरुस्त करायचं असेल तर वेगळ्या ट्रॅकवर वाक्य वाचून मग जागेवर चिकटवा.

श्वास सगळे कापू नका कृपा करून. माणूस श्वास न घेता बोलतो हे ऐकणाऱ्याला कळत नाही पण अस्वस्थ वाटत राहतं. जो फारच मोठा आहे तेवढाच ६-७ डेसिबलने खाली आणा. आणि कापलेल्या जागी सायलेन्स टाकू नका, खोलीची शांतता टाका, ती पाच सेकंदं इथेही उपयोगी पडतात.

वाचनवेडी
हे कोणी आधी सांगितलं असतं तर! आता शेवटचं, सगळ्या प्रकरणांचा आवाज सारखा कसा करायचा? मावशीला फोनवर दर प्रकरणाला आवाज कमीजास्त करावा लागतो, तिला ते बटण सापडत नाही.

खर्जातला
क्रम असा ठेवा. नॉइज रिडक्शन लावायचं असेल तर सगळ्यात आधी. मग फिल्टर कर्व्ह ईक्यूमधे लो रोल-ऑफ फॉर स्पीच नावाचा तयार प्रीसेट आहे तो, खालची धडधड जाते. मग लाउडनेस नॉर्मलायझेशन, तिथे आरएमएस म्हणजे आवाजाची सरासरी पातळी निवडून उणे २०. शेवटी टोकं रोखून धरणारा लिमिटर, उणे ३.५ ला. प्रत्येक प्रकरणाला हेच आकडे. मॅक्रो म्हणजे या पायऱ्यांची साठवलेली यादी करून ठेवलीत तर एका क्लिकवर होईल, नॉइज रिडक्शन मात्र त्यात घालू नका, ते प्रत्येक दिवशीच्या शांततेवर हातानेच करा. ट्रॅक मोनो ठेवा, एका आवाजाला स्टीरिओची गरज नाही. आणि एमपी३ करायच्या आधी प्रत्येक प्रकरणाची डब्ल्यूएव्ही कॉपी ठेवा, पुढे काही दुरुस्त करायचं झालं तर त्यावरून करता येतं, एमपी३ वरून परत एमपी३ केलं की दर वेळी थोडं झिजतं.

जुन्या नऊ प्रकरणांचं मात्र वाईट वाटतं, हरवलेला ह कोणत्याही इफेक्टने परत येणार नाही.

वाचनवेडी
माहीत आहे. नऊही परत वाचणार आहे, ठरवलंय.

वाचनवेडी
आठ दिवसांनी आलेय. पहिलं प्रकरण नव्याने वाचून पाठवलं. मावशीने पूर्ण ऐकून फोन केला, म्हणाली आता तुझा ह आला, आणि मधे एका ठिकाणी तू पान उलटलंस ते पण ऐकू आलं, ते काढू नकोस. मग तिने विचारलं दुसरं कधी. आज रात्री बसतेय, चिकटपट्टीच्या खुणा अजून जागेवर आहेत.